कटनिबने देवनागरी: नवशिक्यांचा कित्ता तयार करतानाच्या नोंदी

३ जून

आखणी पक्की झाली. कधीच कटनिब (सपाट, रुंद कापलेल्या टोकाचं निब) न धरलेल्या माणसाला दीड महिना पुरतील अशी सरावाची पानं करायची. रोज अर्धा तास गृहीत धरला आहे. रविवारी तीन तास बसायचं आणि मग आठवडाभर हात लावायचा नाही, या पद्धतीने फारसं काही साधत नाही. हाताला निबच्या कोनाची सवय लागते आणि ती मध्ये खंड पडला की मोडते.

क्रम वर्णमालेचा ठेवायचा नाही. वर्णमाला उच्चारस्थानांवरून लावलेली आहे, हाताच्या हालचालीशी तिचा संबंध नाही. त्यात पहिल्या पानावर येणारा 'अ' हा सगळ्यात किचकट आकारांपैकी एक. पहिल्याच दिवशी तो गिरवायला दिला की माणूस चित्र काढायला लागतो, लिहीत नाही. म्हणून आधी कोन, मग रेघ, मग वळण आणि त्यानंतर अक्षर.

५ जून

पहिल्या चार दिवसांसाठी शाई नकोच. दोन पेन्सिली एकमेकींना चिकटवून दोन रबरबँडने वर आणि खाली बांधायच्या. टोकं एका पातळीत हवीत. सपाट पृष्ठभागावर दोन्ही टोकं एकदम टेकवून मगच बांधावं. साध्या पेन्सिलीची जाडी सुमारे ७ मिमी, त्यामुळे टोकांमधलं अंतरही तेवढंच येतं. अक्षराची उंची याच्या पाचपट, म्हणजे ३५ मिमी.

जोडपेन्सिलीचा खरा फायदा असा की चूक उघडी पडते. फराट्याच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या रेघांनी दिसतात. कुठे कोन बदलला, कुठे हात वळला, कुठे एक टोक उचललं गेलं, हे सगळं कागदावर राहतं. शाईत हेच दोष भरीव रंगाखाली लपतात.

७ जून

कोन. अख्ख्या कित्त्यातलं महत्त्वाचं पान हेच, म्हणून सविस्तर.

रोमन लिपीत उजव्या हाताने लिहिताना निबची धार साधारण '/' अशी टेकते: उजवं टोक वर, डावं खाली. देवनागरीच्या पारंपरिक वळणात ती उलट, '\' अशी असते: डावं टोक वर, उजवं खाली. त्यामुळे '\' दिशेने ओढलेली रेघ केसासारखी बारीक येते आणि '/' दिशेची सगळ्यात जाड. 'व'च्या वाटीत वरची डावी बाजू भरदार, खालची डावी बाजू बारीक आणि खालची उजवी बाजू पुन्हा भरदार दिसते ती यामुळेच. रोमन कोनातूनही देवनागरी लिहिली जाते, ती चुकीची नाही. पण ते वेगळं वळण झालं. नवशिक्याने एकाच पानावर दोन्हींची सरमिसळ केली तर कुठलंच हातात बसत नाही.

कोन ४५° ठेवायचा. कारण साधं आहे: ४५°ला दंड (अक्षराची उभी रेघ) आणि शिरोरेषा एकाच जाडीच्या येतात. धार ४ मिमी असेल तर दोन्ही सुमारे २.८ मिमी. धार आडवी होत ३०° वर आली की दंड ३.५ मिमी आणि शिरोरेषा २ मिमी. उभी होत ६०° झाली की आकडे उलटे.

म्हणजे कोन मोजायला कोनमापक लागतच नाही. एक दंड, एक आडवी रेघ, दोन्हींची जाडी पट्टीने मोजायची. दंड जाड आला तर धार आडवी पडली आहे, शिरोरेषा जाड आली तर धार उभी झाली आहे. प्रत्येक पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात या तपासणीसाठी एक चौकट छापायची. रोज पहिली दोन मिनिटं त्याच चौकटीत.

८ जून

कालच्या पानाला जोड. उजव्या हाताच्या माणसाला हा कोन सहज येत नाही, कारण पेनचा दांडा खांद्याकडे झुकतो आणि सरळ कापलेली धार आपोआप '/' पडते. यावर तीन उपाय आहेत.

धारच तिरपी कापायची (बोरूच्या पानावर येईल). किंवा सरळ कापाचं निब वापरायचं असेल तर दांडा छातीकडे रोखायचा आणि कागद घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे ४५° फिरवायचा; ओळ डावीकडून उजवीकडे चढत गेलेली दिसेल, ती तशीच दिसायला हवी. तिसरा उपाय मनगट आत वळवून लिहिण्याचा, पण तो सुचवायचा नाही. दहा मिनिटांत मनगट भरून येतं आणि ओळीच्या शेवटी कोन सुटतोच.

डावखुऱ्यांसाठी चौकटीत वेगळी सूचना: हात ओळीच्या खाली ठेवून लिहिलं तर सरळ कापाची धार त्यांच्या हातात आपोआप '\' पडते. रोमन सुलेखनात डावखुऱ्यांना जी खटपट करावी लागते ती इथे लागत नाही. कागद फिरवायला त्यांना सांगू नये.

१० जून

बोरू. विकतचं निब असलं तरी एक बोरू प्रत्येकाने कापून पाहावा. धारेचं गणित त्याशिवाय कळत नाही.

वाळलेली बांबूची काडी, १८ ते २० सेंमी लांब, बाहेरून ९–१० मिमी जाड. पुढच्या अर्ध्या भागात पेर नको. टोकापासून ३० मिमीवर तिरका काप सुरू करून निम्मी जाडी उतरवायची. आतला मऊ भाग खरवडून काढायचा आणि बाहेरची कडक साल ठेवायची. लिहिते ती साल. कापून उरलेल्या पातळ भागाची, म्हणजे जिभेची, जाडी टोकाशी सुमारे १ मिमी.

मग दोन्ही बाजू सारख्या तासून जिभेची रुंदी आणायची, आणि इथेच माप चुकतं. ४ मिमी धार हवी म्हणून जीभ ४ मिमी ठेवली आणि टोक ४०° तिरपं कापलं तर धार ५.२ मिमी होते, कारण तिरका काप सरळ कापापेक्षा लांब असतो. ४ मिमी धारेसाठी जीभ ३ मिमीच ठेवायची.

चीर मधोमध, १२ मिमी. चीर द्यायच्या आधी ती जिथे संपायला हवी तिथे १ मिमीचं भोक पाडून घ्यावं, नाहीतर ती काडीभर धावते. शेवटचा काप कडक पृष्ठभागावर, साल वर ठेवून, एका दाबात. करवतीसारखं पातं पुढेमागे केलं तर तंतू निघतात आणि रेघेची कड केसाळ येते. टोक वर धरून सालीच्या बाजूने पाहिलं तर डावं टोक लांब आणि उजवं आखूड दिसायला हवं. उलट कापलं गेलं असेल तर तो बोरू रोमनसाठी ठेवून द्यावा.

शेवटी १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोन्ही कोपऱ्यांचा टोकदारपणा जेमतेम मोडायचा. जास्त घासलं तर बारीक रेघ बारीक राहत नाही.

शाई धरून ठेवण्यासाठी पातळ पत्र्याची अरुंद पट्टी इंग्रजी 'एस'सारखी वाकवून जिभेच्या आत बसवता येते. तिचं टोक धारेच्या २ मिमी मागे थांबलं पाहिजे. धारेला टेकली तर शाई थबथबते.

१२ जून

शाई आणि कागद. 'माझा हात थरथरतो' अशी तक्रार असलेल्या पानांवर बऱ्याचदा हाताचा दोषच नसतो. कागद शोषून घेतो आणि कड फुटते, ती थरथरल्यासारखी दिसते.

परीक्षा: ४ मिमीचा एक दंड ओढायचा, वाळू द्यायचा आणि भिंगाखाली कड पाहायची. कडेतून तंतू फुटले असतील तर कागद नापास. झेरॉक्सचा ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) कागद बोरूच्या ओल्या शाईला बहुतेकदा पुरत नाही; गुळगुळीत ९०–१०० जीएसएम घ्यावा. उलट टोकाला, फार चकचकीत कागदावर शाई वर तरंगते आणि वाळायला वेळ लावते.

कागद चांगला असूनही शाई पसरत असेल तर ती फार पातळ आहे. बाभळीच्या डिंकाच्या पाण्याचे एक-दोन थेंब घातले की ती सावरते. डिंक जास्त झाला तर निबवर साका बसतो आणि रेघ मध्येच तुटते. पोस्टर कलर वापरायचा असेल तर समभाग पाण्यापासून सुरुवात करून थेंबाथेंबाने पातळ करावा, दुधाइतका होईपर्यंत. लाख घातलेली पक्की काळी शाई फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये. आत वाळली की पेन गेलं.

नवीन पोलादी निबवर गंज लागू नये म्हणून तेलकट लेप असतो. त्यावर शाईचे मणी होतात आणि रेघ अर्धवट उमटते. साबणाच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासून घ्यावं. निब खराब निघालं म्हणून लोक ते टाकून देतात, ही चूक पानावर ठळक लिहायची.

हाताखाली एक कोरा कागद हवाच. तळहाताचं तेल कागदाला लागलं की तिथे शाई धरत नाही, आणि ओळीच्या खालच्या निम्म्या भागातच रेघ का तुटते हे कोडं सुटत नाही.

१५ जून

आखणी ४ मिमी धारेवर ठरवली. अक्षराची उंची शिरोरेषेपासून तळापर्यंत धारेच्या पाचपट: २० मिमी. वरच्या मात्रांना अडीचपट, १० मिमी. खालच्या उकारांना तेवढेच. एका ओळीला एकूण ४० मिमी, त्यामुळे वर-खाली २० मिमी समास सोडून ए४ कागदावर सहा ओळी बसतात. कमी वाटतात, पण सुरुवातीला मोठंच लिहायला हवं. २ मिमी निबने १० मिमीचं अक्षर काढलं की चूक अर्ध्या मिलिमीटरची होते आणि डोळ्याला दिसत नाही.

उभ्या रेघाही छापायच्या, दर २० मिमीला, फिकट. दंड झुकतोय का हे त्याशिवाय कळत नाही. नवशिक्याचे दंड ओळीच्या सुरुवातीला सरळ असतात आणि शेवटी उजवीकडे कलतात, कारण कोपर जागचं हलत नाही आणि हात त्याभोवती फिरतो. उपाय: दर तीन-चार अक्षरांनी कागद डावीकडे सरकवायचा.

१८ जून

मूळ फराटे: दंड, आडवी रेघ, जाड तिरपी, बारीक तिरपी, डावीकडे फुगलेली वाटी, उजवीकडे फुगलेली वाटी, गाठ, टिंब. बाकी देवनागरी यांच्याच जोडणीतून उभी राहते.

दंडाचं पान सगळ्यात कंटाळवाणं, पण शाईचे सगळे दोष इथेच पकडता येतात. एकच कड फाटलेली असेल तर त्या बाजूचं टोक कागदाला टेकत नाही, दाब सारखा करावा. सुरुवातीला फुगा येत असेल तर बुडवल्यानंतर निब दौतीच्या काठाला पुसलेलं नाही. मध्येच पांढरा पट्टा उमटला तर हात शाईपेक्षा वेगाने चाललाय.

टिंब म्हणजे गोळा नव्हे. धार टेकवून धारेला काटकोनात तिच्याइतकंच खाली डावीकडे ओढलं की ४५°वर उभा चौकोन मिळतो. तो चौकोनच आला पाहिजे. लांबट आला तर ओढ जास्त झाली, कललेला आला तर कोन सुटला. कोनाची तपासणी इतक्या थोड्या शाईत दुसरीकडे कुठे होत नाही.

२३ जून

पहिला गट: व, ब, क, प, ष. पाचही वाटी आणि दंडावर चालतात.

'व'ची वाटी एका फराट्यात काढू नये. वरून डावीकडे, मग खाली येईपर्यंत निब ओढलं जातं, तिथे अडचण नाही. पुढचा तुकडा खालून वर दंडाकडे जातो. तिथे निब ढकललं जातं, आणि तेही सर्वात जाड दिशेने. पोलादी निबचे कोपरे कागदात रुततात आणि शिंतोडे उडतात. म्हणून दुसरा तुकडा दंडापासून सुरू करून खाली डावीकडे ओढावा आणि बारीक रेघेत मिसळवावा. सांधा बारीक जागी येतो, त्यामुळे दिसत नाही. बोरू ढकललेला सहन करतो, पण सवय पहिल्यापासून तुकड्यांचीच लावावी.

'ब'ची तिरपी '\' दिशेची, म्हणजे केसाएवढी. ती जाड करण्यासाठी कोन बदलण्याचा मोह होतो. बदलू नये. 'ष'ची तिरपीही तशीच.

'क'चा उजवा कान दंडाच्या मध्यावरून निघतो. तो वर चढला की अक्षर डोकेजड दिसतं.

२७ जून

ग, म, न, भ, त. गाठीचा प्रश्न. 'न'ची गाठ पोकळ ठेवायची की भरीव? पाचपट उंचीत पोकळ गाठीला पुरेशी जागा उरत नाही; आतलं पांढरं शाईने बुजतं आणि डाग पडतो. या कित्त्यात गाठ भरीव: छोटा जाड '/' फराटा, निब न उचलता तिथून आडवी रेघ उजवीकडे दंडापर्यंत. पोकळ गाठ हवीच असेल तर उंची सातपट करावी.

'त'ची वाटी फार गोल केली की तिचं टोक परत दंडाकडे वळतं. टोक खाली सोडून द्यायचं.

१ जुलै

शिरोरेषा. दोन पद्धती आहेत, दोन्हींची किंमत मोजावी लागते. शब्द पूर्ण झाल्यावर शेवटी एका ओढीत शिरोरेषा दिली तर ती सलग आणि जोरकस येते, पण ओल्या दंडांवरून निब गेलं की शाई खेचली जाते आणि प्रत्येक सांध्यावर थेंब साचतो. आधी शिरोरेषा दिली तर थेंब साचत नाहीत, पण शब्दाची लांबी अंदाजाने धरावी लागते. नवशिक्यासाठी पहिली, दंड वाळू देऊन. दमट हवेत वाळायला जास्त वेळ लागतो. दंडाची चकाकी गेली की पुढे जावं.

रेघ मनगटाने ओढली की कमान होते. बोटं आणि मनगट जागेवर ठेवून अख्खा हात कोपरासकट उजवीकडे सरकवायचा.

भ, ध, थ यांच्यावर शिरोरेषा अर्धवट तोडायची हे विसरलं जातं. इथे 'ध'चा 'मा' होत नाही, 'घ' होतो. 'भ'चा मात्र खरोखर 'म' होतो. तुटीची रुंदी किमान एका धारेइतकी, नाहीतर शाई पसरून ती भरते.

५ जुलै

ल आणि श. कित्त्यात मराठी वळणाचेच घेतले आहेत: दोन पाकळ्यांचा ल आणि गाठीचा श. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातल्या वर्णमालेतही हीच रूपं आहेत. संगणकावरून नमुना काढणाऱ्यांनी सावध राहावं. अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श आधी येतात.

'ल'च्या दोन पाकळ्या सारख्या काढल्या तर अक्षर मेलेलं दिसतं. डावी किंचित मोठी ठेवावी.

मात्रा '\' दिशेची, म्हणून ती शिरोरेषेला मिळते तिथे बारीक असते. वरच्या टोकाशी छोटा जाड ठोका देऊन मग खाली ओढावी. वेलांटीची कमान चढताना जाड, उतरताना बारीक. रफार आणि अनुस्वार एकत्र आले की दाटी होते. टिंब रफाराच्या उजवीकडे, वर नाही.

९ जुलै

अंतर. पट्टीने सारखं अंतर ठेवलेला शब्द डोळ्याला असमान दिसतो. दंडाने संपणाऱ्या अक्षरानंतर लगेच वाटीचं अक्षर आलं ('नव', 'पवन') तर दोघं जवळ आणावी लागत नाहीत. र, ट, ठ, ड, ढ, द, ह यांना उजवीकडे दंड नाही. त्यांच्या पायथ्याशी मोकळी जागा उरते आणि पुढचं अक्षर दूर गेल्यासारखं वाटतं. ते जवळ घ्यावं. सरावाचे शब्द त्या हिशेबाने निवडले: गगन, नमन, दगड, टरबूज, रहदारी. 'रहदारी' सगळ्यात कठीण.

काना लागला की दोन दंड शेजारी येतात ('मामा', 'नाना') आणि शब्द कुंपणासारखा दिसतो. दोन दंडांमध्ये किमान दीड धार, म्हणजे ६ मिमी मोकळं ठेवावं. दोन शब्दांमध्ये 'व'च्या वाटीएवढी जागा.

१४ जुलै

तपासणीचं पान. लिहिलेला कागद उलटा धरायचा, डोकं खाली. वाचता येत नाही म्हणून डोळा फक्त काळं-पांढरं पाहतो: दाट ठिपके, पांढरी भोकं, वाकडे दंड लगेच दिसतात. मग त्याच शब्दावर ट्रेसिंग कागद ठेवून सगळे दंड पट्टीने लांबवायचे. समांतर नाहीत ते जागीच सापडतात.

दोष शोधण्याचा क्रम प्रत्येक पानाच्या तळाशी छापायचा: कोन, शाई, कागद, बैठक आणि शेवटी हात. उलट्या क्रमाने गेलं की माणूस निष्कारण तेच अक्षर शंभरदा गिरवतो, आणि चुकीचा कोनच पक्का होतो.

एका बैठकीत एकच दोष घ्यावा. दंड, अंतर आणि मात्रा एकदम सुधारायला गेलं की तिन्ही बिघडतात.

१८ जुलै

शेवटचं पान: एक ओळ, पूर्ण मांडणीसह. आधी पातळ कागदावर त्याच निबने लिहायची. शब्द सुटे कापायचे, कोऱ्या कागदावर सरकवून जागा ठरवायची, मग पेन्सिलीच्या फिकट रेघांवर पक्कं लिहायचं. खालचा समास वरच्यापेक्षा थोडा मोठा ठेवावा. बरोबर मधोमध ठेवलेली ओळ खाली घसरल्यासारखी दिसते. पक्क्या कागदावर लिहिण्याआधी त्याच कागदाच्या कापलेल्या तुकड्यावर चार-सहा अक्षरं लिहून हात आणि शाई दोन्ही चालू करून घ्यावेत. पेन्सिलीच्या रेघा दुसऱ्या दिवशीच खोडाव्यात; पोस्टर कलर वरून वाळलेला वाटला तरी रबराखाली फिसकटतो.

जोडाक्षरं या फेरीत घेतली नाहीत. न्, म्, प् असे दंड काढून होणारे अर्धे वर्ण सोपे आहेत. द्व, ट्ट, ह्म अशा उभ्या रचनेला मात्र पाचपट उंची पुरत नाही, त्यांची आखणी वेगळी करावी लागेल. क्ष, ज्ञ आणि श्र त्याच पानांत जातील.